तेहतीस सीड्यांचं वाण

आमच्या खानदानात जावयाला अनारशांऐवजी सीड्यांचं वाण एकदाच दिलं गेलं, आणि ते देणारा मी होतो.

सीड्या म्हणजे गाण्याच्या. प्लास्टिकच्या, गोल, मधोमध भोक असलेल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या डोक्यात जे काही आलं ते समजून घ्यायला त्या भोकाची गरज पडणार आहे.

कॅसेटा जाऊन सीड्या आल्या होत्या, आणि सीड्याही लवकरच जाणार हे मला सोडून सगळ्या कळमनुरीला कळलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बसस्टँडच्या बाजूला माझं गाण्याचं दुकान होतं. ते मी टाकलं होतं एका माणसाच्या भरवशावर. त्याचं नाव बॉबी सरगम. नव्वदच्या दशकात बॉबीच्या पहिल्या अल्बमनं आमच्याकडे नुसता धुमाकूळ घातला होता. ऑटोत बॉबी, लग्नात बॉबी, पिठाच्या गिरणीत बॉबी. मी तेव्हा अकरावीत होतो. बॉबीसारखा काळा चष्मा लावून दिवे लागल्यावरही गावभर फिरायचो आणि ओळखीच्या माणसांना धडकायचो. (ओळखीची आहेत हे धडकल्यावर कळायचं.) माय म्हणायची, "दिल्या, डोळे आले का रे?"

तर अशा माझ्यासारख्या माणसाच्या नशिबी दाजी कसे यावेत? हर्षितचे भक्त!

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे, छायाचे, मालक. बालाजीराव. गोरेगावला शाळेत मास्तर. बोलतात तेही शुद्धलेखन घातल्यासारखं, एकेक शब्द सुटा, आणि समोरच्याचं वाक्य आपण परत एकदा म्हणून बघतात, चूक राहिली असेल तर सापडावी म्हणून. आणि हर्षित म्हणजे टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतलं एक पोरगं. ज्या स्पर्धेत गाणारा रडतो, मग त्याची माय रडते, मग परीक्षक रडतात, आणि शेवटी आपण एसएमएस करायचा असतो, ती स्पर्धा.

दाजी बाजाराच्या दिवशी कळमनुरीला यायचे आणि पिशव्या माझ्या दुकानात ठेवून स्टुलावर बसायचे. बसले की सुरू.

"दिलीपराव, काल हर्षितला ऐकलं का?"

"दाजी, ती स्पर्धा झाली. गायक निराळा."

"गायक निराळा. तो कसा?"

"ज्याचा अल्बम विकतो तो गायक. लोकांनी मतं देऊन निवडून आणला, त्याला सरपंच म्हणतात."

दाजींनी जरा विचार केला. "विकतं ते चांगलं, असं धरलं तर मग सगळ्यात चांगली तंबाखू."

दुकानातली चार माणसं हसली. त्यातल्या तिघांच्या तोंडात तंबाखू होती. मला ते झोंबलं.

"बॉबीचा पहिला अल्बम किती विकला, माहीत हाये का?"

"किती?"

"लई."

"लई म्हणजे किती? आकडा सांगा."

आकडा मला माहीत नव्हता. दाजींनाही नव्हता. नांदेडहून माल पाठवणाऱ्या एजंटालाही नसावा. पण त्या आकड्यावर आम्ही दोघं दीड तास भांडलो. एवढ्या वेळात माणूस हिंगोलीला जाऊन परत येतो.

"अन् तुमच्या हर्षितच्या घरची म्हस दाखवली टीव्हीवर," मी म्हणालो. "म्हशीच्या जिवावर गाणं चालून राहिलंय त्याचं."

"म्हशीचं सोडा," दाजी म्हणाले. "पोरगं सुरात होतं का न्हाई?"

मी फळीवरची धूळ पुसायला घेतली. जावयाशी वाद घालू नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकराला पण माहीत असतं. जावई बोलला की मान डोलवायची, त्यानं दिवसाला रात्र म्हटलं तर कंदील शोधायचा. पण बॉबीचा विषय निघाला की माझी अक्कल गहाण पडायची. मग मी खोटं बोलायला लागलो.

बॉबीचा नवा अल्बम आला होता. मी मोठ्या हौसेनं दोन खोकी मागवली. दाजींनी बाजाराच्या दिवशी विचारलं, "एक दाखवा तर खरी, कशी हाये ते पाहू."

"एकबी न्हाई, दाजी. सकाळी आल्या, दुपारी साफ."

"दुपारी साफ. आन हर्षितची आली म्हणे सीडी?"

"आली ना. पडून हाये. धूळ खाऊन राहिली."

आता खरं काय ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. बॉबीची दोन्ही खोकी काउंटरखाली होती आणि मी त्यांच्यावर पाय ठेवून बसायचो. हर्षितची सीडी यायची त्या दिवशी पोरीपोरं शटर उघडायच्या आत उभी असायची. त्या वर्षी माझं दुकान तगलं ते हर्षितच्या जिवावर, आणि हे मी देवासमोरसुद्धा कबूल केलं नसतं.

अशात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येतो, आणि आला की ज्यांना लेकी आहेत त्यांची धांदल उडते. लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा ठेवून जावयाला वाण द्यायचं. तेहतीसच का आणि जाळीचेच का, हे मला विचारू नका. आमच्या काशीआत्याला विचारा. ती बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते. ती म्हणते, "असंच असतंय," आणि विषय संपतो.

पण त्या वर्षीच्या धोंड्याच्या जेवणावर भलतीच गोष्ट अवलंबून होती. छायाचं नाव हिंगोलीला नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. लग्नाआधीपासून तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी तिनं माझ्या हातापायाला इतक्या पट्ट्या बांधल्या होत्या की शाळेत मला लढाईवरून आलेला समजत. आता दोन वर्षं माहेरी राहून रोज जीपनं हिंगोलीला जायचं, एवढंच करायचं होतं. नवऱ्याचं संमतीपत्र लागत होतं. सोमवारपर्यंत ते दिलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार होती. आणि दाजी पंधरा दिवस झाले तरी एकच शब्द बोलत होते. "बघू."

मास्तर माणूस "बघू" म्हणाला की काय समजायचं? आमच्या घरानं त्याचा अर्थ लावण्यात पंधरा दिवस घालवले. शेवटी ठरलं की धोंड्याच्या दिवशी, वाण दिलं, जावई खूश झाला की बाबांनी शब्द टाकायचा. बाबा पंचायत समितीतून रिटायर झालेले. त्यांनी भाषण तयार केलं, न्हाणीत पाठ केलं, आणि म्हशीपुढे वैरण टाकतानाही ते "बालाजीराव, आमची एक नम्र विनंती हाये" असं म्हणायला लागले.

छाया आदल्या दिवशी आली. आल्या आल्या तिनं मला माजघरात ओढलं.

"दिल्या, उद्या ते आले की तू गाण्याचा विषय काढायचा न्हाई."

"मी कशाला काढू?"

"तू काढतोस. त्यांना डिवचतोस. मागल्या बाजाराला ते घरी आले अन् जेवलेच न्हाईत. रातभर बॉबी बॉबी करून राहिले होते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला ही जागा पाहिजे रे. पुन्हा नाव लागायचं न्हाई माझं. एक दिस तोंड बंद ठेव. माझ्यासाठी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की उद्या माझ्या तोंडून गाणं हा शब्दही निघणार नाही. आणि सांगतो, वाण देईपर्यंत मी ती शपथ पाळली. जे बिघडलं ते तोंड न उघडता बिघडलं.

सकाळी मायनं अनारसे तळायला घेतले. माझी माय पंचवीस वर्षं अनारसे करते. गल्लीतल्या बायका तिला पीठ दाखवायला आणतात. पण त्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. (ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: अनारसा हसणं म्हणजे तो तुपात पसरून त्याचा भुगा होणं. यात हसण्यासारखं काही नसतं.) दुसरा हसला. तिसरा तर सोडायच्या आधीच फसकन हसला. अर्ध्या तासात कढईत नुसता चुरा, आणि माय चुलीपुढे डोक्याला हात लावून बसलेली.

"पंचवीस वर्षांत असं झालं न्हाई," ती म्हणाली. "अपशकुन हाये हा. माझ्या लेकीचं काही खरं न्हाई."

छायाचा चेहरा पांढरा पडला. काशीआत्या ओट्यावरून म्हणाली, "अपशकुन कशाचा? गूळ जास्त झाला. बत्तासे आणा. बत्तासेबी चालतात."

मी सायकल काढली. मिठाईवाल्याकडे गेलो तर तो रिकाम्या ताटल्या पुसत होता.

"बत्तासे तेहतीस द्या."

"धोंडा संपायला आला अन् आज येऊन राहिलेत? बत्तासे कालच संपले. पेढे न्या."

"पेढ्याला भोक नसतंय."

"घरी पाडून घ्या."

दुसऱ्या दुकानात म्हैसूरपाक होता, पण सगळा मिळून अकरा वड्या. तिसऱ्याचं दुकान बंद, कारण तो स्वतः सासऱ्याच्या घरी वाण घ्यायला गेलेला. अकरा वाजत आले होते. दाजींची मोटारसायकल साडेअकराला येणार म्हणजे साडेअकरालाच येणार, मास्तर माणूस. मी घामाघूम होऊन माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसलो. डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त भोक. गोल, तेहतीस, भोक. आत जाऊन पाणी प्यावं म्हणून शटर वर केलं, काउंटरखालून तांब्या ओढायला वाकलो, आणि माझ्यासमोर बॉबीची दोन खोकी होती.

माणसाला कधी कधी अशी कल्पना सुचते की तिच्या चमकेनं डोळे दिपतात आणि पुढचा खड्डा दिसत नाही.

मी सीड्या डब्यांतून बाहेर काढल्या. फडक्यानं पुसल्या. मोजून तेहतीस. एका बाजूला बॉबीचा काळ्या चष्म्यातला फोटो होता, म्हणून ती बाजू खाली केली. बघा किती हुशार मी! चकचकीत बाजू वर. सगळ्या पिशवीत घालून मी घरी आलो, तेव्हा दाजींची गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजत होती.

विचारायला वेळ नव्हता. माय धोंड्यांच्या उकडीत अडकलेली, बाबा कोपऱ्यात पुटपुटत बसलेले. मी एक सीडी काशीआत्याच्या हातात दिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं चाचपून पाहिली, मधल्या भोकात बोट घातलं.

"पातळ झाली रे," ती म्हणाली. "पण भोक बराबर हाये. चालतंय."

मोठ्या माणसाची परवानगी मिळाली. मी पितळी ताटात सीड्या गोल मांडल्या, वर क्रोशाचा रुमाल टाकला, रुमालावर दिवा ठेवला.

दाजी आले. पाय धुतले. छाया आणि ते पाटावर बसले, मायनं ओवाळलं. सगळं कसं रीतसर. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, कारण जावयाचं वाण बघायला आमच्याकडे बोलावणं लागत नाही. बाबांनी मला खूण केली. मी ताट उचलून दाजींपुढे ठेवलं. मायनं दिवा बाजूला केला. दाजींनी हात जोडले आणि रुमाल उचलला.

दारातून ऊन येत होतं. ते ताटावर पडलं आणि छतावर, भिंतीवर, दाजींच्या तोंडावर, बाबांच्या टकलावर सगळीकडे सात रंग नाचायला लागले. दारातल्या एका बाईनं भीतीनं हातच जोडले.

मायनं ताटात पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. बाबांचं "बालाजीराव, आमची एक" इथपर्यंत आलेलं भाषण तिथंच राहिलं. छायानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या नजरेत बघितल्यावर, तेव्हा कुठं, माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो आहे. नुसतं अनारशांऐवजी प्लास्टिक दिलं हे नव्हे. दाजी त्यातली एक सीडी उचलून उलटी करणार होते.

त्यांनी उलटी केली. काळा चष्मा लावलेला बॉबी सरगम त्यांच्याकडे बघून हसत होता.

दाजींनी दुसरी उलटी केली. बॉबी. तिसरी. बॉबी. मग त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली, वर्गात हजेरी घेतात तशी, घाई न करता.

"तेहतीस," दाजी म्हणाले.

एवढंच. एक शब्द. सकाळी आल्या, दुपारी साफ झाल्या, त्या सीड्या मीच मोजून, पुसून, दिवा लावून त्यांच्यापुढे मांडल्या होत्या. खोटं पकडलं गेलं ते गेलंच, पण त्याहून वाईट गोष्ट मला आता दिसत होती: दुकानात पडून राहिलेला, कुणीही न घेतलेला माल मी जावयाला वाण म्हणून दिला होता! आमच्याकडे यावरून सोयरिकी मोडल्यात.

दाजी पाटावरून उठले. ताटाला हात लावला नाही. सरळ दाराकडे गेले आणि चपलेत एक पाय घातला.

जावई न जेवता उठला. मायच्या हातातलं धोंड्यांचं ताट तसंच राहिलं. छाया पाटावरून हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं, नुसती माझ्याकडे बघत होती. ही पोरगी सोमवारी हिंगोलीला जाणार होती. मी तिची दोन वर्षं, तिची अख्खी जिंदगी, त्या काळ्या चष्म्यापायी घालवली होती.

मी धावलो आणि दाजींचा चपलेतला पाय धरला.

"दाजी, जाऊ नका. माझी चूक हाये. छायाची काही चूक न्हाई. बॉबी विकत न्हाई, दाजी."

दाजी थांबले. खाली माझ्याकडे पाहिलं.

"बॉबी विकत न्हाई," ते म्हणाले. "पुढं?"

"दोन खोकी आलती. त्यातली एक सीडी गेली. तीबी परत आली."

"तीबी परत आली. काहून?"

"गिऱ्हाईक म्हणलं, त्यापेक्षा दुसरं काही द्या."

दारातल्या बायकांनी गल्लीतल्या आणखी दोघींना हात करून बोलावलं.

"आन हर्षितची? धूळ खाऊन राहिली म्हणले होते."

"हर्षितची तीनदा मागवली. तीनदा संपली. धूळ बॉबीवर होती, दाजी. मी पुसून आणल्या."

"परत बोला. सावकाश."

मी परत बोललो. सावकाश. एकदा तोंड उघडलं की मग काय थांबतंय? पाय सोडला तर ते जातील या धास्तीनं मी बोलतच सुटलो. बॉबीच्या अल्बमचा आकडा मला माहीत नव्हता हे सांगितलं. त्याच्या नव्या गाण्यांतलं एकही मला आवडलं नाही हे सांगितलं. हे तर मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, आतलं शेवटचंही बाहेर आलं.

"दाजी, मी हर्षितला मत देलं."

आता दाजींनाच धक्का बसला. त्यांनी दाराची चौकट धरली.

"मत देलं? तुमी?"

"त्या दिशी त्यानं मायवर गाणं म्हणलं ना. दुकानात टीव्ही चालू होता. मी शटर खाली ओढून रडलो. मग एसएमएस केला."

"किती?"

"अकरा."

काशीआत्या ओट्यावरून म्हणाली, "हे पोरगं काय बोलून राहिलंय? वाण आवडलं का न्हाई जावयाला?"

"पाय सोडा, दिलीपराव," दाजी म्हणाले.

"न्हाई सोडत. आधी छायाला हो म्हणा. तुमी माझ्या थोबाडीत मारा, दुकानात येऊ नका, बोलू नका माझ्याशी. पण माझा राग तिच्यावर काढू नका. तिला शिकू द्या."

"राग कशाचा?" दाजी म्हणाले. "मी गाडीच्या डिकीतला कागद आणायला निघालो होतो."

मी पाय सोडला.

दाजी गेले, डिकी उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद घेऊन परत आले आणि तो छायाच्या हातात दिला. त्यांचं संमतीपत्र. मागल्या आठवड्यातच हिंगोलीला जाऊन भरून दिलेलं, जागा राखून ठेवल्याचा शिक्का मारलेली त्याची प्रत. सोमवारी छायानं नुसतं जाऊन उभं राहायचं होतं.

"म्हणलं, धोंड्याच्या दिशी द्यावं," दाजी म्हणाले. "तुमी आमाला वाण देता, आमीबी काही द्यावं."

छायानं कागद वाचला. परत वाचला. मग पाटावर बसल्या बसल्या तिनं तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडायला लागली, आणि मायही रडायला लागली, आणि दारातल्या चार बायका कशासाठी ते न विचारता रडायला लागल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं, उभे राहिले आणि म्हणाले, "बालाजीराव, आमची एक नम्र विनंती हाये." इतकं पाठ केलेलं वाया कसं घालवायचं? त्यांनी सगळं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. दाजींनी ते शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "मंजूर."

"दाजी," मी म्हणालो, "कागद आणायचा होता तर आधी सांगायचं ना. मी तिथं पाय धरून..."

"आधी सीड्या पाहून मला काय बोलावं ते सुचेना. म्हणलं, कागद आणू, तोवर सुचंल. अन् मग तुमी बोलायला लागले. तुमी इतकं खरं बोलून राहिले होते, मधी कसं थांबवू?"

दाजी जेवायला बसले. धोंडे खाल्ले, परत मागून घेतले. माझ्याकडे बघून एकदाही हसले नाहीत, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. बाहेर गल्लीत बायका एकमेकींना सांगत होत्या की दिलीपचं दुकान चालत नाही, तो शटर ओढून रडतो, आणि टीव्हीवरच्या पोराला मतं देतो. त्या वर्षी माझ्यासाठी दोन स्थळं येणार होती. ती आली नाहीत.

जेवणं झाल्यावर छाया कागदाची घडी करत माझ्याकडे आली. डोळे लाल झालेले. मला वाटलं, आता बहीण भावाच्या गळ्यात पडणार. चूक झाली तरी मी तिच्यासाठी भर दारात पाय धरले होते. मी डोळे पुसून तयारीत उभा राहिलो.

"दिल्या," ती म्हणाली, "अकरा एसएमएस?"

"व्हय."

"मागल्या हप्त्यात मी तुला निरोप धाडला, हिंगोलीला एक फोन लावून विचार, माझी जागा गेली तर न्हाई ना. तीन रात्री मला झोप नव्हती. तवा तू काय म्हणला होता?"

बॅलन्स न्हाई, असं म्हणालो होतो. छाया कागद घेऊन माजघरात निघून गेली, ती दमली होती. पण एवढ्या कबुल्या दिल्याच आहेत तर राहिलेली एक इथं देऊन टाकतो. गाणी माझ्या दुकानात मागच्या भिंतीवर असायची. पुढच्या काउंटरवर मी मोबाइलचं रिचार्ज विकायचो.